सकाळच्या कण्या

माझ्या पोटावरचा व्रण घरात सगळ्यांनी पाहिलेला आहे. छातीच्या हाडाखाली सुरू होतो आणि बेंबीला वळसा घालून थांबतो. मुलं लहान होती तेव्हा त्यावरून बोट फिरवत विचारायची — बाबा, इथं काय झालं? मी सांगायचो, अमरावतीला पोट कापलं होतं, बिघडलेलं काढून टाकलं आणि उरलेलं शिवलं. मुलांना तेवढं पुरायचं. बायकोलाही तेवढंच ठाऊक आहे. त्याच्या पुढचं — ऑपरेशनानंतरच्या त्या हिवाळ्यातलं — आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही.

मग तुम्हाला का सांगतो आहे? तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून, दुसरं काय. समोर माणूस बसला की माझी जीभ त्याचं तोंड बघून वळते. याला काय आवडेल, हा रागावणार तर नाही ना — आधी हे, मग खरं-खोटं. लहानपणापासून असाच आहे मी. पण लहानपणावर तरी किती ढकलायचं?

मी मूळचा राजापूरकडचा. वडील गेले आणि सातवीतच माझी शाळा सुटली. आईचा एक लांबचा भाऊ बडनेऱ्याला रेल्वेत होता, त्यानं मला इकडे आणलं आणि अमरावतीच्या एका जिनात कामाला लावून दिलं. वर्षाभरात मामाची बदली झाली, तो गेला. मी राहिलो. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना — हिवाळाभर बैलगाड्यांची रांग, यंत्रांची घरघर आणि हवेत सगळीकडे तरंगणारा तंतू. मी काट्यावर वजनं सांगायचो. माझं बोलणं ऐकून गाडीवान हसायचे. मी ‘मला’ म्हणालो की ‘मले म्हण, मले’ असं शिकवायचे. चांगली माणसं होती. पण घर लांब होतं हो. आईला भेटायचं म्हणजे किती गाड्या बदलायच्या, आणि परत गेलो तर तिथं खायचं काय? म्हणून मी कायम धास्तीत असायचो की इथून कुणी मला ‘जा’ म्हणेल.

जिनाचे मालक बापूसाहेब. खादी घालायचे, मोठ्यानं हसायचे, कामगाराच्या खांद्यावर हात ठेवून बोलायचे. त्यांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणायचो. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी पोरका दिसलो असेन, त्यांनी मला जवळ केलं. जिनाच्या आवारातच एक खोली दिली. सणासुदीला घरी जेवायला बोलवायचे.

साठ साल उलटून दोनेक वर्षं झाली असतील. माझ्या पोटात बरेच महिने निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. मी कुणाला बोललो नाही — आजारी माणसाला कामावर कोण ठेवतो? चहा पीत राहिलो, पोटावर ओला पंचा बांधत राहिलो. आणि एके दिवशी भर दुपारी, नुकत्याच निघालेल्या रुईच्या ढिगासमोर उभा असताना मला रक्ताची उलटी झाली. पांढऱ्याशुभ्र रुईवर. तुम्ही म्हणाल, तेव्हा मला मरणाची भीती वाटली असेल. नाही. माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की मालकांची रुई नासली. मी खाली बसून ती लाल झालेली रुई मुठीमुठीनं उपसायला लागलो होतो, असं मला नंतर सांगितलं.

बापूसाहेबांनी स्वतःच्या मोटारीतून दवाखान्यात नेलं. पोटात व्रण फुटला होता. डॉक्टर म्हणाले, पोटाचा मोठा भाग काढावा लागेल आणि रक्त लागेल. त्या काळी रक्त द्यायला माणसं घाबरत, सख्खे भाऊ पळून जात. बापूसाहेबांनी बाही वर केली. हे विसरू नका — त्यांचं रक्त माझ्या अंगात आहे. आणि काकूंनी मारोतीला नवस बोलला की पोरगा वाचला तर रोडगे करीन, सगळ्या जिनाला जेवू घालीन.

मी वाचलो.

पण वाचल्यावर जे सुरू झालं त्याची मला कुणी कल्पना दिली नव्हती. तुम्हाला कधी अन्नाची भीती वाटली आहे? भूक लागायची आणि तोंडाशी आलेला घास मी परत ताटात ठेवायचो. कारण काय होईल ते सांगता यायचं नाही. कधी दोन घासांतच गळ्याशी यायचं. कधी जेवण होऊन घटका जात नाही तोच अंगाला दरदरून घाम सुटायचा, छाती धडधडायची, डोळ्यांपुढे काळोख यायचा, पोटात पाण्याचा लोंढा वाहावा तसा आवाज — आणि मग परसाकडे धावायचं, तेही पोहोचलो तर. दर वेळी वाटायचं, आता टाके उसवले. आता आतलं सगळं मोकळं झालं. मी पोटावर दोन्ही हात दाबून पडून राहायचो, जणू हातांनीच धरून ठेवणार होतो.

सोडताना मोठ्या डॉक्टरांनी मला समजावलं होतं. पोट आता वाटीएवढं राहिलं आहे. थोडं-थोडं खायचं, दिवसातून पुष्कळदा. कोरडं-मऊ खायचं, जेवताना पाणी प्यायचं नाही. जेवल्यावर आडवं व्हायचं. आणि गोड — गोड जवळजवळ बंद. गूळ, साखर पोटातून सरळ आतड्यात घसरते आणि मग घाम नि धडधड, ते सगळं त्याचंच. हे त्यांनी मला एकट्याला सांगितलं. बापूसाहेब तेव्हा बाहेर मोटारीपाशी होते.

बाकीचं सगळं मी येऊन सांगितलं. गोडाचं सांगितलं नाही.

का? काकू रोज डब्यातून शिरा पाठवत होत्या म्हणून. पहिल्या दिवशी स्वतः आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, “अंगात रगत भरलं पाह्यजे, बाप्पा. साजूक तुपातला हाय. खाय.” त्यांना मी काय सांगणार — की तुमचा शिरा मला विष आहे? ज्यांच्या नवऱ्याच्या रक्तावर मी उभा होतो त्यांना? मी खाल्ला. त्या गेल्या आणि मी जिनाच्या मागच्या भिंतीशी जाऊन पडलो. दुसऱ्या दिवसापासून शिरा कुत्र्याला घालायला लागलो आणि रिकामा डबा घासून परत पाठवू लागलो. काकू खूश. तब्येत सुधारत होती ना माझी!

ती सुधारत होती गिरजामावशीमुळे.

तिचं सांगायचं तर मला आधी पाण्याचं सांगायला हवं. जिनात कामगारांसाठी दोन मोठे रांजण होते. त्यांतलं पाणी ओगराळ्यानं काढून द्यायला एक बाई ठेवलेली असे. त्या वर्षी बापूसाहेबांनी तिथं गिरजामावशीला बसवलं. ती मागच्या वस्तीतली. छप्पन सालानंतर त्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला होता, घराघरात बुद्धाची तसबीर लागली होती. आधी ती कापूस निवडायच्या बायकांत होती. तिला रांजणापाशी बसवलं तेव्हा पुष्कळ जण घरून तांब्या आणायला लागले. बापूसाहेब रोज सकाळी मुद्दाम सगळ्यांसमोर तिच्या हातचं पाणी पीत. हळूहळू तांबे कमी झाले. उन्हात गाडी हाकून आलेल्या माणसाला किती दिवस सोवळं परवडणार? दिवाळीनंतर तर गाडीवान तिची थट्टा करायला लागले होते, “मावशे, तुह्या हाताले साखर हाय का व? पाणी गोड लागून राह्यलं.” ती ओगराळं उगारायची, “सरक तिकडे. बैलाले आधी पाज, मंग तू पेय.”

विधवा होती. एक मुलगी, कुसुम, मॅट्रिकच्या वर्गात. बापूसाहेब म्हणाले होते की पोरगी पास झाली की तिला मास्तरणीच्या शिक्षणाला लावून देऊ. मावशीचा सगळा जीव त्या एका वाक्यात होता. कुसुम शाळेतून येताना रांजणापाशी थांबायची, पुस्तक पोत्यावर ठेवून वाचायची. मी काट्यावरून बघायचो. माझी शाळा सुटलेली, तिची चालू — मला बरं वाटायचं बघून. हेवा नव्हता तो. एवढं तरी नव्हतं.

काकूंचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. दिवसातून पाच-सहा वेळा मला कोण खायला घालणार? मावशीनं कुणाला न विचारता ते अंगावर घेतलं. माझ्या खोलीच्या दारात तीन विटा मांडून चूल केली. मला विचारलं, “आजारी पडला का तुही माय काय देते रे तुले?” मी म्हणालो, पेज. तिला पेज ठाऊक नव्हती. मी सांगितली तशी तिनं तांदळाच्या कण्या आणल्या, मीठ-जिरं घालून मऊ शिजवल्या, पण घट्ट, कारण डॉक्टरांनी पाणी नको म्हटलेलं. पितळेच्या एका छोट्या पातेल्यात करायची. आतून त्याची कल्हई जागोजाग उडून पिवळं दिसायला लागलं होतं. चार घास झाले की पातेलं ओढून घ्यायची. “बस. आता निज.” मी निजायचो. घाम नाही, धडधड नाही. काही होतच नसे! डोळे मिटून मी वाट बघायचो, आता होईल, आता होईल — आणि बाहेर ती रांजणापाशी कुणाला तरी झापत असायची, आणि त्या आवाजात मला झोप लागायची. आईनंतर असं कुणी... जाऊ दे. ते सांगायचा हक्क मला नाही.

बापूसाहेबांना ठाऊक होतं की मी तिच्या हातचं खातो. “वा, बे!” म्हणाले होते. काकूंनाही ठाऊक होतं. त्या काहीच म्हणाल्या नव्हत्या.

आणि मग नवस फेडायचा दिवस आला.

रोडगे तुम्ही खाल्ले असतील तर सांगायला नको. कणकेचे थर देऊन वळलेले गोळे गोवऱ्यांच्या आरात पुरून भाजतात, फडक्यात घोळून राख झाडतात, बरोबर वांग्याची भाजी नि वरण. जिनाच्या मागं निंबाखाली आर पेटवले होते. सगळे कामगार, त्यांची बायकापोरं, बापूसाहेबांचे सोयरे, गावातले एक डॉक्टरही आलेले. माझी थट्टा चालली होती. “दत्तूचं पोट चिमणीचं झालं बे आता. याच्या सासऱ्याचं नशीब, जावई पोसाचा खर्चच नाई.” मीही हसत होतो. सकाळी मावशीनं कण्या दिल्या होत्या, माझ्या समोर शिजवून, वाफ निघत असताना. पोट शांत होतं. मला वाटलं होतं, एका कोपऱ्यात बसेन, भाजीचे दोन घास खाईन.

काकूंनी मला मारोतीसमोर पाटावर बसवलं. मोठ्या परातीत रोडगे कुस्करलेले, त्यात गूळ — केवढा गूळ! — आणि वरून तुपाची धार. त्यांनी आपल्या हातानं कालवलं, पान भरलं. सगळे थांबलेले. नवसाचं माणूस जेवल्याशिवाय कुणाला जेवता येत नव्हतं. काकू म्हणाल्या, “पहिला घास तुहा. माह्या मारोतीनं वाचवलं तुले. पानात काई ठेवू नको, बाप्पा. नवस अर्धा राह्यते.”

मी पानाकडे बघितलं. मला ठाऊक होतं. त्या सगळ्या माणसांत फक्त मला ठाऊक होतं. एक शब्द पुरला असता — डॉक्टरांनी गोड नको म्हटलंय, काकू. त्या हसल्या असत्या, फार तर एक कण जिभेला लावून घेतला असता आणि बाकीचं पान गायीला गेलं असतं. एवढं सोपं होतं. पण मग शिऱ्याचे इतके दिवस? ते रिकामे डबे? मी घाबरलो. मी सगळं पान खाल्लं. भीत-भीत, घास न चावता, पाणी पीत-पीत खाल्लं. काकूंच्या डोळ्यांना पाणी आलं. लोकांनी ‘बजरंगबली की जय’ म्हटलं आणि पंगत बसली.

पंगत निम्मीही उरकली नव्हती. मी उठलो आणि पडलो. त्या वेळेसारखं आधी कधी झालं नव्हतं. घामानं सदरा चिकटला, हृदय कानात वाजायला लागलं, हातपाय बर्फ. धोतर खराब झालं, सगळ्यांसमोर. बायका ओरडत होत्या. मला वाटलं, संपलं. मारोतीसमोरच मरतोय मी, नवसाच्या दिवशी.

डॉक्टर माझ्यापाशी बसले. नाडी धरून त्यांनी विचारलं, “सकाळपासून काय काय खाल्लं?”

तुम्ही तिथं असायला हवे होतात असं मला नेहमी वाटतं. म्हणजे कुणीतरी बघितलं असतं माझं तोंड. काकू उभ्या होत्या, हातात तुपाचं भांडं तसंच. बापूसाहेब वाकलेले. मला फक्त पानाकडे बोट दाखवायचं होतं. आणि मी म्हणालो — “सकाळी गिरजामावशीनं कण्या दिल्या होत्या.”

हे खोटं नाही, बरं का. मी पुष्कळ वर्षं स्वतःला हेच सांगितलं. शब्द खराच होता.

पण डॉक्टरांनी पुढं विचारलं, “ताज्या होत्या की रातच्या?”

आणि मी म्हणालो, “माहीत नाही.”

वाफ निघत होती त्यांतून. मी फुंकर घालून खाल्ल्या होत्या.

कुणी जातीचं नाव घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही. काकूंच्या तोंडावर जे उतरलं ते मी पडल्या-पडल्या बघितलं — सुटका. त्यांच्या नवसाला बोल लागला नाही. एक सोयरा खाकरला आणि म्हणाला, “म्हतलं नव्हतं का मी?” बस, तेवढंच. बापूसाहेबांनी मोटार काढायला सांगितली. आणि पंगतीच्या शेवटच्या टोकाला, जिनातल्या बायकांत बसलेली मावशी उठून धावत येत होती. तिला कुणीतरी हातानं अडवलं. “तू नको. तू राहू दे.” ती तिथंच उभी राहिली. हाताला वरण लागलेलं तसंच.

संध्याकाळपर्यंत मी बरा झालो होतो. ते तसंच असतं, येतं आणि ओसरतं. मी उठून बापूसाहेबांकडे जाऊ शकलो असतो. दुसऱ्या दिवशी जाऊ शकलो असतो. आठवडाभर माझ्याजवळ तोंड होतं आणि त्यात जीभ होती. गेलो नाही. मला काकूंच्या घरी नेऊन ठेवलं होतं आणि गादीवर झोपवलं होतं. तिथं मी एकच केलं — डॉक्टरांनी आत्ताच गोड बंद सांगितलंय, असं सांगून टाकलं. पंगतीला आलेल्या डॉक्टरांचं नाव पुढं केलं. म्हणजे बघा, सांगता येत होतं मला. स्वतःला वाचवायचं असलं की येत होतं.

रांजणापाशी दुसरी बाई बसली. कामगारांत पुन्हा तांबे निघाले होते म्हणे — जिच्या हातचं खाऊन पोट्टा मरता-मरता वाचला तिच्या हातचं पाणी कोण पिणार? बापूसाहेबांनी मावशीला बोलावून गोड शब्दांत सांगितलं, काही दिवस रुई झाडायला जा. बापूसाहेबांना दोष देऊ नका. रांजणापाशी तिला बसवून त्यांनी जे धाडस केलं होतं ते त्यांना जड होत असणार, आणि ते खाली ठेवायला मी त्यांना जागा करून दिली. रुईखान्यात धूळ फार. मावशीला खोकला लागला. हंगाम संपला, पुढच्या हंगामाला तिला बोलावणं गेलं नाही. कुसुमच्या शिक्षणाचं कुणी काढलं नाही. मायलेकी भावाकडे गेल्या, बार्शीटाकळीच्या बाजूला, एवढंच कानावर आलं.

जायच्या आधी ती एकदा माझ्या खोलीशी आली होती. मी आत होतो. कडी लावून बसलो होतो. तिनं दारावर हात मारला, “दत्तू, बरं हाय का रे आता?” मी श्वास धरून बसलो. ती थोडा वेळ थांबली. मग विटांची चूल मोडल्याचा आवाज आला. विटा एकीवर एक रचून ठेवून गेली.

इथंच थांबावं असं मला वाटतं. इथपर्यंत मी स्वतःशी तरी कबूल होतो — भित्रा होतो, अठरा-एकोणीस वर्षांचा होतो, आजारी होतो. पण मी जे सांगायला बसलो ते हे नाही. हे नुसतं सांगितलं तर मी अर्धंच सांगितल्यासारखं होईल, आणि अर्धं खरं सांगण्याचा मला चांगलाच सराव आहे.

पाच-सहा वर्षांनी बापूसाहेबांनी मला अकोल्याच्या त्यांच्या अडतीवर पाठवलं. बढतीच होती ती. लग्न ठरलं होतं, अंगावर इस्त्रीचा सदरा. पोट तेवढं तसंच — अजूनही तसंच आहे — डबा जवळ बाळगायचा आणि दर थोड्या वेळानं दोन घास. त्या दुपारी मी एसटी स्टँडवर बाकावर बसून खात होतो. एक-एक घास पुष्कळ वेळ चावत, पाण्याचा तांब्या दूर ठेवून. कुणीतरी समोर येऊन उभं राहिलं.

“तू आमचा दत्तू नाई काय? त्याच्यावानी चावत-चावत दुसरं कोण जेवीन!”

वाळली होती. डोक्यावर गाठोडं. खोकत होती. मी उभा राहिलो. मला वाटलं, आता. आता ही सगळ्या स्टँडसमोर विचारणार — काहून रे? काहून तसं सांगतलं? मी उत्तर शोधायला लागलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला जवळपास मोकळं वाटलं. विचारू दे एकदा. मी सांगून टाकीन.

तिनं ते विचारलंच नाही. गाठोडं उतरवलं, मला हाताला धरून खाली बसवलं आणि माझ्या बाजूला बसली. विचारलं, “अन्न जिरते काय आता?” मी मान हलवली. कुसुमचं विचारलं मी — का विचारलं? ती म्हणाली, “शाळा सुटली ना बाप्पा तिची. लगन केलं. कापूस येचाले जाते. पण पुस्तकं ठेवली हायत पोरीनं, एकबी इकू देत नाई.” मग ती गाठोड्याची गाठ चाचपत बसली. समोर गाड्यांची धूळ. आणि मग ती खाली बघत बोलायला लागली, हळू, जसं काही तिनं ते पुष्कळदा मनात म्हणून ठेवलं होतं.

“एक सांगाचं होतं तुले. त्या पातेल्याले कल्हई नव्हती. मले दिसून राह्यलं होतं, पिवळं-पिवळं दिसे. आज लावू, उद्या लावू, म्हणून राह्यलं. कळकलं असंन ते. लोकं काय म्हणत ते म्हणू दे, मी ताज्याच दिल्या होत्या, कुसुमची आन. पण पातेलं... ते माह्या हातून झालं. मरून गेला असता तू. तुह्या मायले काय तोंड दाखवलं असतं मी? त्या दिसापासून त्या पातेल्यात काई शिजवलं नाई. मले माफ कर, बाप्पा.”

तुम्हाला ठाऊक असेल, कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट कळकतं. कण्यांत आंबट काही नव्हतं. मीठ आणि जिरं. आणि त्याच पातेल्यातलं मी आधी किती दिवस खाल्लं होतं, काहीही न होता. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगू शकेल असा जगात एकच माणूस होता, तो तिच्या बाजूला डबा मांडीवर घेऊन बसला होता.

माझ्या तोंडात घास होता. मी तो चावत राहिलो. मी विचार केला — हो, विचार केला, हे घाईत झालं नाही — की हिला खरं सांगितलं तर ही उठून जाईल आणि पुन्हा माझ्याशी बोलणार नाही. कदाचित बापूसाहेबांपर्यंत जाईल. लग्न ठरलेलं. आणि हे असं सोपं होतं. ती स्वतःच घेत होती ना अंगावर?

मी घास गिळला. तिच्या हातावर हात ठेवला.

“माझ्या मनात काही नाही, मावशी,” मी म्हणालो. “झालं ते झालं. चूक कुणाकडूनही होते. मी तुला कधीच माफ केलं आहे.”

तिनं पदर डोळ्यांना लावला. बार्शीटाकळीची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता. ती उठली, गाठोडं डोक्यावर घेतलं, आणि दोन पावलं जाऊन पुन्हा वळली.

“लय मोठं मन हाय तुह्यं,” ती म्हणाली. “लय उपकार झाले, बाप्पा.”

आणि मी म्हणालो, “असू दे.”